तांडेलाला टॉवेल-टोपी

आमच्या राहुरी तालुक्यात माणसं पाण्यावर दिवसभर बोलू शकतात, पण ते पाणी उसाला द्यायचं असतं. धरणात किती आलं, आवर्तन कधी सुटणार, पाटाचं दार कुणी गुपचूप उचललं, याच्या पलीकडे पाण्याचा काही उपयोग असतो हे आमच्या घराण्यात कुणाला माहीत नव्हतं. पाण्यावर बसून कुठे जाता येतं हा विचार तर आमच्या सात पिढ्यांच्या डोक्याला शिवला नसेल. अशा घरात मी समुद्राकाठची बायको आणली.

त्याचं झालं असं. घरापासून हाकेच्या अंतरावर शेतीचं विद्यापीठ, आणि मला नंबर लागला थेट दापोलीला. जन्मभर ऊस-कांदा बघितलेला मी आंबा-काजू शिकायला गेलो. परत आलो तेव्हा हातात पदवी होती आणि डोक्यात तिथल्या बंदरावरच्या एका कोळ्याच्या मुलीशी लग्न करायचा बेत होता. गावात लोक म्हणाले, पोरगं शेती शिकायला गेलं आणि मासळी घेऊन आलं. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा जेवताना त्यांनी एवढंच विचारलं की मुलीच्या बापाचं काय आहे. मी म्हणालो, बोट आहे. स्वतःची का, म्हणाले. म्हटलं, स्वतःची. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. माणूस मालक आहे, मग सोयरीक करायला हरकत नाही.

मालक हा शब्द अण्णांच्या तोंडून ऐकावा. ज्याची वस्तू त्याचा हुकूम, हा त्यांचा एकूण वेदान्त. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर कितीही जुना असो, अण्णा मडगार्डवर बसून त्याला गिअर सांगत. विहिरीचं काम निघालं की क्रेनवाल्याला दोर कधी सोडायचा ते सांगत. दाढी करताना न्हाव्याला वस्तरा कसा धरायचा हे सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. आता वस्तरा न्हाव्याचा होता, पण दाढी अण्णांची होती ना. आणि एवढं सांगून काम बिघडलंच, तर चूक हमखास चालवणाऱ्याची. ‘डायवरला अक्कल न्हाई,’ हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं रोज लागायचं.

लग्न आमच्या दारात झालं. मुलीकडची माणसं गाड्या करून, घाट चढून आली. आमच्याकडे लग्नात मानपानाची एक रीत आहे. व्याह्यांना आणि जवळच्या सोयऱ्यांना फेटे बांधतात, बाकीच्या पुरुषमंडळींना टॉवेल-टोपी आणि नारळ. वऱ्हाड घेऊन आलेल्या ड्रायव्हर लोकांनाही टॉवेल-टोपी देतात, माईकवरून बोलावून देतात, आणि हे आमच्याकडे मोठ्या मनाचं लक्षण समजलं जातं. फेटे बांधायच्या आधी अण्णांनी व्याह्यांपाशी सहज बोलता बोलता चौकशी केली की बोट स्वतः चालवता का. माझे सासरे साधे माणूस. ते म्हणाले, छे, बोट माझी, पण चालवतो माझा मेहुणा. हा काय, इथेच उभा आहे, तांडेल आहे माझा.

अण्णांनी त्या मेहुण्याकडे, म्हणजे माझ्या बायकोच्या सख्ख्या मामाकडे, एकदा बघितलं. काळाभोर, रुंद, मान जराशी वाकलेली, पायात साध्या चपला. अण्णांना त्याची जागा लगेच कळली. थोड्याच वेळात माईकवरून पुकारा झाला की आता ड्रायव्हर मंडळींचा सन्मान होत आहे, आणि टेम्पोवाला, जीपवाला यांच्यामागोमाग बोटीच्या ड्रायव्हरांनीही पुढे यावं.

मामा आले. त्यांनी टॉवेल घेतला, टोपी घेतली, नारळ कपाळाला लावला. त्यांना त्यात काही वावगं वाटलं असेल तर चेहऱ्यावर दिसलं नाही. पण माझ्या सासऱ्यांचा चेहरा मात्र लाल झाला. नुकताच बांधलेला फेटा त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावरून उचलला आणि मेहुण्याच्या डोक्यावर ठेवला. आमच्याकडे भरल्या मांडवात व्याह्याने फेटा उतरवणं म्हणजे लग्न मोडल्याची दवंडीच. वाजंत्री थांबली. आमचे चुलते बाह्या सरसावू लागले. मी मुंडावळ्या बांधून पाटावर, आणि माझ्या मनात एकच विचार, की आता ही मंडळी गाड्यांत बसून घाट उतरणार.

तेवढ्यात मामांनी तो फेटा शांतपणे स्वतःच्या डोक्यावरून काढला आणि पुन्हा सासऱ्यांच्या डोक्यावर नीट बसवला. म्हणाले, “लग्न तुमच्या पोरीचं. हितं नाखवा तुम्ही. हितं मी कशाला बोलू?” मग त्यांनी अण्णांनी दिलेली पांढरी टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली आणि पहिल्या पंगतीला जाऊन बसले. सासऱ्यांनी फेटा तसाच राहू दिला, चुलत्यांच्या बाह्या खाली आल्या आणि माझं लग्न लागलं.

नेमकं काय चुकलं ते आमच्या घरात कुणालाच कळलं नव्हतं. नवी नवरी चुलीपुढे बसायला लागल्यावर एक दिवस आईने तिला विचारलं. अण्णा ओसरीवर होते, पण त्यांचे कान आत होते. बायकोने भाकरी थापता थापता सांगितलं. नाखवा म्हणजे ज्याची बोट. तांडेल म्हणजे जो ती दर्यात नेतो. बोट किनाऱ्याला असते तोवर सगळं नाखव्याचं चालतं. खलाशी कोण घ्यायचे, जाळी कुठली, बर्फ किती, सगळं. पण एकदा दोर सुटला की तांडेलाचं राज्य. कुठे जायचं, कधी फिरायचं, सगळं तो ठरवणार. त्या वेळी नाखवा बोटीवर असला तरी त्याने एका बाजूला गप्प बसायचं. इतकंच काय, बोट परत धक्क्याला लागली तरी तांडेल ‘उतरा’ म्हणेपर्यंत नाखव्यानेसुद्धा पाय बाहेर टाकायचा नाही. पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकच माणूस असतो, ती म्हणाली, पण जिथे दोन असतात तिथे असं चालतं.

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. अण्णा मात्र ओसरीवरून कडाडले, की हे काय बोलणं झालं, मालकाने डायवरला विचारून उतरायचं? बायकोने नवीनच असूनही आतून उत्तर दिलं, की डायवर नाही, तांडेल.  टॉवेल-टोपीचा काटा अण्णांना बोचत राहिला हे मला माहीत आहे. कारण पुढे कुठल्याही लग्नात फेटे बांधायला लागले, की ते मला कोपऱ्यात घेऊन विचारायचे, “तुझे मामेसासरे येनार हायेत का कधी इकडं?”

आमच्या घरात ते दोन शब्द राहिले ते मात्र चेष्टेपुरते. टीव्हीचा नाखवा मी आणि तांडेल आमची लेक. किराणा आणायला पैसे माझे आणि पिशवी बायकोची, म्हणजे मी दुकानात तोंड उघडायचं नाही. आईने तर एकदा अण्णांच्या देखत सांगून टाकलं, की या घराचा तांडेल कोण हे कळायला एवढ्या लांबून सून आणावी लागली.

अशी वर्षं गेली. अण्णांना साखर होतीच, ती डोळ्यांत उतरली. नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ठरलेल्या तारखांना येऊन उपचार घेतले तर आहे ती नजर टिकेल, नाहीतर दोन्ही डोळे जातील. आणि गाडी आजपासून बंद. अण्णांनी यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं आणि ते त्यांना अजिबात पटलं नाही. त्यांना समदं दिसत होतं. शेजाऱ्याच्या कांदाचाळीवर गाडीचा आरसा मोडून आले तेव्हा म्हणाले, चाळच रस्त्यात बांधली. आमच्याच फाटकाचा खांब पाडला तेव्हा म्हणाले, खांबाला पायाच न्हवता.

आम्ही किल्ली लपवून बघितली. मग अण्णांनी दवाखान्यात जायचंच सोडून दिलं. स्वतःची गाडी दारात असताना दुसऱ्याने चालवायची आणि मालकाने शेजारी पोत्यासारखं बसायचं, हे त्यांच्याच्याने होणं नव्हतं. तारीख आली की त्यांचं पोट दुखायचं, नाहीतर उसाला खत टाकायचं असायचं. मी चालवतो म्हटलं तर मला अक्कल नव्हती. बायको तर रोज हीच गाडी घेऊन राहुरीच्या शाळेत शिकवायला जात होती, पण तिच्या शेजारी ते कधी फाटकापर्यंतही बसले नव्हते. किल्ली द्यावी तर माणूस मरणार, न द्यावी तर आंधळा होणार, अशी आमची गत झाली. मला रडू यायचं आणि त्याहून जास्त राग यायचा.

अशात मामांचा फोन आला. त्यांनी दर्यावर जायचं सोडलं होतं. भाची कुठे नांदते ते नीट बघायला येतो म्हणाले, एसटीने नगरला उतरेन. अण्णांमध्ये एकदम जीव आला. राहुरीच्या बाजारातून त्यांनी स्वतः निवडून गुलाबी फेटा आणला. ठरल्या दिवशी सकाळी धोतर, स्वच्छ सदरा, डोक्याला टोपी, अशा थाटात ते गाडीपाशी उभे. किल्ली त्यांनी कुठून शोधून काढली देव जाणे. मामांना स्टँडवरून स्वतः गाडी चालवत आणायचं, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मी काही बोलायच्या आत बायको पुढे झाली. मला वाटलं, आता भांडण होणार. पण तिने आवाज चढवला नाही.

“अण्णा, गाडी तुमची. तुम्हीच नाखवा,” ती म्हणाली. “पण मामा गाडीत बसताना विचारणारच, तांडेल कोण? त्याला काय सांगू?”

अण्णा बराच वेळ किल्ली हातात फिरवत उभे राहिले. एकदा चूक केली होती त्यांनी, आणि तीही याच माणसापुढे. शेवटी किल्ली तिच्या हातावर ठेवत म्हणाले, आजच्या दिवसापुरती. आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

जाताना त्यांनी तोंड बंद ठेवलं. एवढं कष्टाचं काम मी त्यांना आयुष्यात करताना पाहिलं नव्हतं. मागच्या सीटवरून मला त्यांची मान दिसत होती. प्रत्येक ट्रक समोर आला की ती आखडायची आणि गेला की सैल व्हायची. पाय तर ब्रेकच्या जागी सारखा दाबला जात होता. नगरला मामा भेटले. पूर्वीपेक्षा वाळले होते, केस पांढरे झाले होते. मिठ्या झाल्या, चहा झाला. फेटा घरी सगळ्यांसमोर बांधायचा होता, म्हणून अण्णा त्याबद्दल काही बोलले नाहीत.

परतताना अण्णांचा धीर सुटला. हंगाम उसाचा होता. नगर-मनमाड रस्ता एरवीच असा, की शहाण्याने त्यावर मत देऊ नये. त्यात दोन दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर. अशा एका ट्रॅक्टरमागे आम्ही बराच वेळ रखडलो आणि अण्णांमधला मालक जागा झाला. गिअर टाक. हॉर्न दे. काढ आता, मोकळं हाय. बायको काही न बोलता चालवत राहिली. अण्णांनी मग मागे वळून मामांनाच विचारलं की तुम्ही एवढे जाणते, काहीच कसं सांगत नाही? मामा म्हणाले, हात तिचा आहे, मी प्रवासी. आणि खिडकीबाहेरचा ऊस बघायला लागले.

तेवढ्यात ट्रॅक्टरच्या आडून, आमच्याच बाजूला दाबत, समोरून बस आली. बायकोने वेग कमी केला होता, ती थांबलीच असती. पण अण्णा ओरडले, “डाव्या अंगाला घे, साइडपट्टी रुंद हाय!” इतक्या वर्षांची सुनेची सवय. सासऱ्यांनी सांगितलं आणि तिचं स्टिअरिंग डावीकडे वळलं. साइडपट्टी नव्हतीच. पाइपलाइनसाठी खणून परत बुजवलेली काळी माती होती, वरून पाटाचं पाणी फिरलेलं. डावी चाकं त्या मातीत बसली आणि गाडी शेताकडे कलंडून थांबली. कुणाला लागलं नाही. बस निघून गेली.

 अण्णा दार ढकलून कसेबसे उतरले आणि खाली वाकून बघायला लागले. मग बसले. हाताने चाचपलं. बोटांना काळा चिखल लागला तो त्यांनी डोळ्यांजवळ नेला. जन्मभर ज्या मातीत राबले, ती ओली काळी माती त्यांना डांबर दिसली होती. हे त्यांना कळलं, आणि ते आम्हाला कळलं हेही त्यांना कळलं.

बायको उतरून त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, माझी चूक झाली. अण्णांनी वर बघितलं.

“मी सांगितलं, तू केलं. मंग चूक तुझी कशी?”

उत्तर मामांनी दिलं. गाडीतून उतरून, धोतराचा सोगा झटकणाऱ्या अण्णांना ते हळू आवाजात म्हणाले, “तांडेल ती. तिनं दुसऱ्याचं आयकलं, ही तिचीच चूक. बोट खडकावर गेली तर तांडेल कधी नाखव्याचं नाव सांगत नाय.”

 अण्णांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघायला लागलो. उभ्या आयुष्यात किती ड्रायव्हरांना अक्कल नव्हती ते सगळे त्यांना त्या बांधावर आठवले असावेत.

उसाचा ट्रॅक्टर पुढे जाऊन थांबला होता. ड्रायव्हर साखळी घेऊन मागे आला. तो आमच्याच बाजूचा निघाला, पूर्वी अण्णांच्या हाताखाली, म्हणजे मडगार्डाखाली, काम केलेला. गाडी बाहेर ओढून झाल्यावर त्याने हात पुसत, जरा गमतीने विचारलं, कोन चालवीत हुतं, अण्णा?

अण्णा म्हणाले, “चालवीत सूनबाई हुती. पन मातीत मी घातली.”

तो ड्रायव्हर अण्णांकडे बघतच राहिला. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याच्या डोक्याला मार लागला. मला मात्र माझ्या बापाचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता. घरापर्यंत उरलेला सगळा रस्ता अण्णा गप्प बसले, आणि या वेळी त्यांची मान आखडली नाही.

संध्याकाळी ओसरीवर शेजारीपाजारी जमले. अण्णांनी फेटा स्वतः बांधला. नजर साथ देत नव्हती, पण बोटांना पीळ पाठ होते. तुरा जरा कानाकडे गेला, तो आईने सरळ केला. मामा लाजले, हसले, आणि मग म्हणाले की माझ्याकडेही काही आहे. त्यांनी पिशवीतून एक टॉवेल काढला. मूळचा रंग कुठला ते सांगता येऊ नये इतका विटलेला. टोपी वाऱ्याने दर्यात नेली, म्हणाले, पण हा टिकला. बंदरावर मला सगळे नगरवाले म्हणून चिडवायचे, कारण पांढरी टोपी घालून मासे धरणारा दुसरा कुणी नव्हता. अण्णांनी तो टॉवेल मांडीवर घेतला, बोटांनी चाचपला. मग विचारलं, राग न्हाई आला तवा? मामा म्हणाले, ऊन होतं, टोपी बरी वाटली.

दुसऱ्या दिवशी किल्ली भिंतीतल्या देवळीत होती, बायकोचा हात पोचेल अशी. अण्णांनी ती ठेवताना कुणी बघितलं नाही आणि त्याबद्दल कुणी काही विचारलंही नाही. पुढच्या तारखेला त्यांचं पोट दुखलं नाही.

आता ते नियमाने नगरला जातात. उशीर झालाच होता. उजवा डोळा गेला, डावा डॉक्टरांनी थोडा राखला. गाडीत ते मागे बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत. उलट मी कधी पुढे बसून काही सुचवायला गेलो तर मागून खाकरतात.

परवाचीच गोष्ट. दवाखान्यातून आलो. बायकोने अंगणात गाडी लावली आणि तेवढ्यात तिच्या शाळेतून फोन आला, म्हणून ती बोलत बोलत घरात गेली. मी औषधं घेऊन तिच्यामागे. चहा झाला, आईने तो कपांत ओतला, आणि मग तिने विचारलं की तुझे वडील कुठायत. ओसरीवर नव्हते, गोठ्यात नव्हते. बाहेर येऊन बघितलं तर बंद गाडीत, काचा वर, घामाने डबडबलेले, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मी दार उघडून जरा ओरडलोच, की उतरायचं नाही का?

“तांडेलानं सांगितलं न्हाई अजून,” अण्णा म्हणाले.

बायको तशीच अनवाणी धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसतही होती. “उतरा अण्णा,” ती म्हणाली. “लागली बोट.”

त्यांनी पाय बाहेर काढला, हवेत जरा फिरवून बघितला आणि थांबवला.

“खालचं काय दिसंना झालंय,” ते तिला म्हणाले. “हात दे.”

तिने हात दिला. दिसत नाही, हे शब्द त्यांनी मला कधी सांगितले नाहीत, आईला नाहीत, डॉक्टरांनाही नाहीत. ते त्यांनी तांडेलाला सांगितले.